खोक्यावर काहीच लिहायचं नाही

"खोक्यावर काहीच लिहायचं नाही," आर्वो म्हणाला. "रायफल नाही, जपून हाताळा नाही. दोन्ही पत्ते, बास. आत काय आहे ते बाहेरून कळता कामा नये. नियम आहे."

"बरं बाबा," म्हणत त्याच्या बायकोने, व्हर्नाने पेन खाली ठेवलं.

आर्वो कांगासने गावच्या पोस्टाच्या खिडकीवर एकतीस वर्षं काढली होती. निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली, तरी खिडकी काही त्याच्या अंगातून गेली नव्हती. हल्ली जावयाचं नाव त्याच्या ओठांवर येत नसे, स्वयंपाकघरातला दिवा कुठून लागतो ते सापडत नसे. पण साध्या माणसाला टपालाने पिस्तूल धाडता येत नाही, लांब नळीची रायफल मात्र परवानावाल्या विक्रेत्याकडे धाडता येते, ती रिकामी हवी, घेणाऱ्याची सही हवी, हे सगळं तोंडपाठ होतं.

तीन आठवड्यांपूर्वी जावई, कर्टिस, सरपण घेऊन मागच्या दाराने आत आला, तर समोर आर्वो रायफल रोखून उभा. "कोण रे तू?" बिचारा कर्टिस लाकडं टाकून, हात वर करून स्वतःचं नाव सांगत राहिला. शेवटी व्हर्नाने पुढे होऊन नळी बाजूला केली. रायफलमध्ये गोळी होती.

त्यानंतर आर्वोने त्या प्रकाराबद्दल चकार शब्द काढला नाही. विसरला असणार, असं व्हर्नाने धरलं. तिला मात्र झोप लागेना. काडतुसं तिने गुपचूप लेकीकडे धाडली. रायफलचं काय करायचं? ती त्याच्या वडिलांची. चाळीस हिवाळे घरात हरणाचं मांस आलं ते तिच्यामुळे. ती काढून घ्यायची म्हणजे नवऱ्याला तोंडावर सांगायचं, की तू आता संपलास. ते काही तिला होण्यासारखं नव्हतं.

गावातला बंदूकवाला आर्वोचा शिकारीतला जोडीदार. आर्वोने एक फोन करायचा अवकाश, रायफल परत दारात. म्हणून तिने तीनशे मैलांवरचा, शेजारच्या नॉर्थ डकोटा राज्यातला एक विक्रेता गाठला. रॉस्टॅड त्याचं नाव. फोनवर त्याला सगळं सांगितलं. "दुरुस्तीला म्हणून येईल. मग सुटा भाग मिळत नाही, असं म्हणत राहा."

तो म्हणाला, "राहीन, बाई."

मग तिने आर्वोजवळ विषय काढला.

"रायफलचा चाप अडकतोय वाटतं."

"तू कधीपासून चाप ओढायला लागलीस?"

"धूळ पुसताना लागला हाताला."

आर्वोने रायफल उघडून आत पाहिलं, बोट घालून पुन्हा पाहिलं. मग दोनदा चाप ओढला. टक्. टक्. आवाज कसा स्वच्छ! त्याने व्हर्नाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"हं," तो म्हणाला. "अडकतोय खरा."

ती भांडी घासायला वळली, कारण डोळे भरून आले होते. डोळे मिटून ही रायफल सुटी करणारा माणूस, त्याला आता एवढंही कळू नये.

आज ती रायफल जेवणाच्या टेबलावर, खोक्यात जुन्या ब्लँकेटमध्ये गुंडाळून पडली होती. वर व्हर्नाने चिठ्ठी ठेवली होती: दुरुस्तीसाठी.

"टेप आण," आर्वो म्हणाला. "तळघरात आहे, रुंदवाली."

"ही आहे की इथे."

"ही पोस्टात चालत नाही."

ती गुडघे सांभाळत खाली गेली आणि वर आली, तोवर खोकं बंद होतं. झाकणावर दोन्ही हात ठेवून आर्वो बसला होता.

"शिकारीच्या मोसमाआधी येईल ना परत?"

"येईल की," व्हर्ना म्हणाली. इतकं वाईट तिला कधी वाटलं नव्हतं.

पोस्टात खिडकीवर डार्ला होती.

"काय आहे यात, आर्वो?"

"रायफल. रिकामी. विक्रेत्याकडे चाललीय, हा त्याच्या परवान्याचा कागद. सही घेतल्याशिवाय द्यायची नाही. आणि पोरी, हे विचारताना असं हसू नये. माणूस खोटं बोलायला मोकळा होतो."

"परत बसता का खिडकीवर?"

"माझा पगार झेपायचा नाही तुम्हाला."

व्हर्नाला हसू आलं आणि लगेच स्वतःची लाजही वाटली. बाहेर आल्यावर आर्वोने तिचा हात धरला. बर्फ भुरभुरत होतं. घरी जाऊन दोघांनी कॉफी घेतली, वेलदोड्याचा पाव खाल्ला. आर्वो आनंदात दिसला.

चौथ्या दिवशी तिने रॉस्टॅडला फोन लावला.

"आत्ताच आली, बाई. उघडतोच आहे."

"तो फोन करील. रागावेल, रडेलसुद्धा. पण देऊ नका हो."

"नाही देणार."

रॉस्टॅडने फोन ठेवला आणि ब्लँकेट उलगडलं. दुरुस्तीची चिठ्ठी कुठे दिसेना. होता तो एक घडी घातलेला कागद, टपालखात्याच्या टापटीप अक्षरातला.

"मिस्टर रॉस्टॅड, चाप ठणठणीत आहे. बायकोची चिठ्ठी मी काढून घेतली. दुरुस्तीला आलेली रायफल तुम्हाला मालकाच्या घरी परत धाडता येते, म्हणून मी ती दुरुस्तीला धाडत नाही. तुम्हाला देऊन टाकतो आहे. आजच्या आज आपल्या नावावर चढवा. मग मी उद्या कितीही शिव्या घातल्या, तरी ती परत घ्यायला मला तुमच्या दुकानात येऊन खरेदीचा फॉर्म भरावा लागेल, आणि गाडी मला आता कोणी चालवू देत नाही. मी जावयावर बंदूक रोखली होती. जे आठवू नये, नेमकं तेच आठवतं. पुढच्या खेपेला त्या दारातून व्हर्ना आली तर? तिला यातलं काही कळू देऊ नका. त्रेपन्न वर्षांत मला फसवणं तिला एकदाही जमलं नाही. या वेळी जमलंय असं तिला वाटतंय, तर तसंच वाटू द्या."