सिल्वेस्टर या नावाचा तिसरा अर्थ

“चोरी आहे ही, सर. दिवसाढवळ्या केलेली!”

रोवेना थर्लबीने दोन नामकोश टेबलावर आपटले. ट्रेगार्थन सरांच्या कपातला चहा बशीत सांडला.

“हळू,” सर म्हणाले. “काय झालं?”

रोवेनाने आधी त्यांचाच कोश उघडला. इंग्रजीत रुळलेल्या नावांचे अर्थ आणि वापर सांगणारा हा कोश सरांनी तीस वर्षांपूर्वी एकट्याने केला होता. नव्या आवृत्तीसाठी प्रत्येक नोंद तपासण्याचं काम आता तिच्याकडे होतं. तिचं शिक्षण रसायनशास्त्राचं, त्यामुळे पडताळल्याशिवाय ती काही मानत नसे.

“सिल्वेस्टर,” तिने वाचलं. “पहिला अर्थ, रानातला. दुसरा, मध्ययुगातले एक पोप, गणितात निष्णात. तिसरा, त्या पोपवरून नॉरफक परगण्याच्या बाजारांत तोंडी हिशेब करणाऱ्या माणसाला सिल्वेस्टर म्हणतात.”

“बरं मग?”

“मी नॉरफकला जाऊन आले, सर. एकूण एक बाजार पालथा घातला. हा शब्द कुणाच्या कानावरूनसुद्धा गेलेला नाही. एक खाटीक म्हणाला, ‘बाई, आमच्याकडे हिशेब करणाऱ्याला मालक म्हणतात, आणि तो नेहमी चुकतो.’ मला वाटलं, आपलीच चूक. मग हे बघा.”

तिने दुसरा कोश पुढे सरकवला. मिसेस गार्साइड यांचा, याच वर्षी निघालेला. समीक्षकांनी तो डोक्यावर घेतला होता. ‘ट्रेगार्थन यांचा जुनाट कोश आता माळ्यावर टाकावा,’ असं एकाने छापलं होतं. ते वाचल्यापासून रोवेनाचं डोकं ठिकाणावर नव्हतं. गार्साइडबाईंच्या कोशात सिल्वेस्टरचा तिसरा अर्थ होता. तोच, शब्दाला शब्द.

“खरं सांगा, सर. हा अर्थ खोटा आहे ना?”

सरांनी चष्मा काढून पुसला.

“खोटा आहे,” ते म्हणाले. “सापळा आहे तो.”

कोशकारांची ही जुनी रीत रोवेनाला ठाऊक होती. हजारो खऱ्या नोंदींत एक धादांत खोटी नोंद घालून ठेवायची. खरा अर्थ कुणालाही शोधता येतो. खोटा मात्र दुसऱ्याच्या पुस्तकात दिसला, तर तो उचललेलाच असणार.

“म्हणजे चोर पकडायला?”

“चोर पकडायलाच.”

“आणि चोर सापडला! मग आपण गप्प का बसायचं?”

“रोवेना, पुढच्या महिन्यात मी निवृत्त होतोय. लोक जेवण देणार आहेत, दोन शब्द बरे बोलणार आहेत. मला शांतपणे जाऊ दे.”

“तुमच्या या भिडस्तपणामुळेच लोक तुम्हाला माळ्यावर टाकायला निघालेत!”

“गार्साइडबाईंकडे जाऊ नकोस. एवढं माझं ऐक.”

रोवेनाने दोन्ही कोश उचलले. इतक्या सरळ माणसाला जगात कुणी वाली नसतो, याचाच तिला जास्त संताप आला. सरांच्या नावावरचा डाग धुऊन काढायचाच, असं ठरवून तिने संध्याकाळी डेस्मंडला फोन लावला. डेस्मंड तिचा कॉलेजातला मित्र, आता एका दैनिकाचा बातमीदार.

“पोप, चोरी आणि म्हातारी बाई,” डेस्मंड म्हणाला. “यात खून असता तर पहिल्या पानावर घेतलं असतं.”

“थट्टा पुरे. वही घेऊन ये.”

रविवारी दोघं रेडिंगला गार्साइडबाईंच्या घरी थडकली. बाई सत्तरीच्या पुढच्या, ताठ बसणाऱ्या. त्यांनी चहा ओतला, बिस्किटं पुढे केली. रोवेनाने बिस्किटांना हात लावला नाही.

“दुसऱ्याच्या आयुष्यभराच्या कष्टांवर तुम्ही नाव कमावलंत,” ती म्हणाली. “आणि ज्याचं लुटलंत त्यालाच लोक जुनाट म्हणतात. लाज कशी वाटत नाही? सिल्वेस्टरचा तिसरा अर्थ खोटा आहे. नाकारून दाखवा!”

“कशाला नाकारू? खोटाच आहे. मी नॉरफकला जन्मात कधी गेले नाही.”

डेस्मंडची पेन्सिल भराभर चालू लागली. रोवेनाला एवढ्या लवकर कबुली मिळेल असं वाटलं नव्हतं.

“तुम्हाला ट्रेगार्थननी पाठवलं?” बाईंनी विचारलं.

“नाही. ते तर येऊ नकोस म्हणत होते. तुमची अब्रू वाचवत होते!”

“असं म्हणाले?”

“म्हणायला कशाला हवं? त्यांचा स्वभावच तसा आहे.”

बाईंनी डेस्मंडच्या वहीकडे पाहिलं. “या मुलाला थोडा वेळ बागेत पाठवा. मग बोलू.”

“म्हणजे चार भिंतींत माफी मागून मोकळ्या? ते चालायचं नाही.”

“तुमच्या भल्याचं सांगतेय.”

“माझं भलं मला कळतं. लिही, डेस्मंड. एक शब्द गाळू नकोस.”

बाईंनी कप खाली ठेवला.

“माझा पहिला नामकोश मी लग्नाआधी काढला,” त्या म्हणाल्या. “माहेरच्या नावाने, स्वतःच्या खर्चाने, अगदी थोड्या प्रती. कुणी विकत घेतला नाही. मला वाटायचं, कुणी उघडूनसुद्धा पाहिला नाही. मग ट्रेगार्थन यांचा कोश निघाला.”

डेस्मंडची पेन्सिल थांबली.

“सिल्वेस्टरचा सापळा मी लावला होता, पोरी, त्या पहिल्या कोशात. त्यात सापडलेला माणूस तू बसलीयस त्याच खुर्चीत बसून रडला, म्हणून मी आजवर कुणाला बोलले नाही.”