करंगळीची शिवण

संघ खालच्या गटात घसरता घसरता वाचला आणि दुसऱ्याच सकाळी मोचीकाकांच्या दुकानात क्लबला धाडायच्या पत्रावरून चाहत्यांची जुंपली. आहे तोच प्रशिक्षक हवा, यावर एकमत झालं. “पण गोलकीपर काढा!” मास्तर लिहिता लिहिता गरजले. “तीन सामने नुसते ठोसे मारत होता. चेंडू पकडायला हात काय शेजाऱ्याचे आणायचे होते?” सगळे हसले, मोचीकाका सोडून. हंगाम संपेपर्यंत तोंड उघडणार नाही, असा शब्द त्यांनी गोलकीपरला दिला होता. हंगाम काल संपला. त्यांनी खणातून त्याचा उजवा हातमोजा काढला. “घाला बघू, मास्तर.” मास्तरांची करंगळी आत अडकली. शिवणीत लाकडी पट्टी होती. “बोट मोडलं होतं त्याचं. दर सामन्याआधी मीच पट्टी शिवायचो.” मास्तरांनी ‘काढा’ खोडून ‘ठेवा’ लिहिलं, तेही डाव्या हाताने; उजव्यातला मोजा त्यांना काढवेना.