पान्याचा दिवा

चावी फिरवली की तो नारिंगी दिवा आधी दोनदा लुकलुकायचा आणि मग स्थिर व्हायचा. तुरीच्या दाण्याएवढा दिवा, आत पान्याचं चित्र.

"लागलाय," शेजारच्या सीटवरून शर्मिष्ठा म्हणाल्या.

"दिसतंय," सबनीस म्हणाले. "इंजिन चालू नाही करायचं. नुसती चावी."

हे ते दर वेळी सांगत, आणि त्या दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी मान डोलवत.

गाडी शर्मिष्ठांच्या नवऱ्याची. ते गेले आणि मुलुंडच्या त्या सोसायटीत गाडी, ए विंगमधला फ्लॅट आणि शर्मिष्ठा एवढं मागे राहिलं. शर्मिष्ठांची सगळी नोकरी मरोळच्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत गेली होती, वजनकाटे आणि तापमापकं बरोबर दाखवतात की नाही ते तपासण्यात. औषधाच्या खोक्यातला घडीचा कागदही त्या शेवटच्या ओळीपर्यंत वाचत. गाडीचं मात्र त्यांना काही कळत नाही, असं त्या म्हणायच्या.

देवव्रत सबनीस बी विंगमध्ये राहत. तेही एकटेच.

ठरावीक किलोमीटर झाले की सर्व्हिसिंगची आठवण म्हणून हा दिवा लागतो. सर्व्हिसिंग झालं की तो हाताने विझवावा लागतो. मीटरशेजारचं बटण दाबून धरायचं, आकडा लुकलुकायला लागला की पुढच्या सर्व्हिसिंगपर्यंतचे किलोमीटर निवडायचे, आणि बटण सोडायचं. तीन वर्षांपूर्वी गॅरेजवाला हे विसरला, म्हणून शर्मिष्ठांनी सबनीसांना खाली बोलावलं. सबनीसांनी दिवा विझवला, पण आकडा चुकून सगळ्यात लहानच राहिला.

त्यामुळे दिवा लवकरच पुन्हा लागला. सबनीस पुन्हा आले. त्या दिवशी शर्मिष्ठांनी गवती चहाची पात घालून चहा केला, आणि दोघं गॅलरीत दिवेलागणीपर्यंत बोलत बसले.

त्यानंतर सबनीसांनी तोच आकडा ठेवला. चुकून नव्हे.

गाडीला त्याचा काही अपाय नव्हता. दर वेळी ते बॉनेट उघडून तेल बघत. ते स्वच्छ असे.

"सेन्सर म्हातारा झालाय, मॅडम," ते सांगत.

"असेल," शर्मिष्ठा म्हणत.

नशिबाने गाडी फिरायचीही खूप. सोसायटीच्या गेटवर मालन कोळीण रोज पाटी घेऊन बसे, पण शर्मिष्ठा तिच्याकडून कधी काही घेत नसत. त्या गाडी काढून थेट समुद्रकाठच्या खारदांड्याला जात. तिथले बोंबील ताजे असतात म्हणे. शिवाय दर खेपेला नेमका त्यांचा गुरुवार तरी असे, नाहीतर संकष्टी. "तुम्हीच न्या हो," असं म्हणत त्या पिशवी सबनीसांच्या हातात ठेवत.

गेटवरचा दत्ताराम हसायचा. "काय सायबानू, परत दिवो? मालन विचारता, तिच्या बोंबलांका काय काटे जास्त असत?"

पण आज पिशवी नव्हती. आज गाडी विकायची होती.

मुलगा निलेश वर्षभर मागे लागला होता. "आई, किती जुनी झाली ती, काढून टाक ना." शर्मिष्ठा ऐकत नव्हत्या. आणि गेल्या आठवड्यात, कोणी काही न म्हणता, त्या एकदम हो म्हणाल्या. संध्याकाळी घाटकोपरहून गिऱ्हाईक येणार होतं.

"दिवा लागलेला बघून तो घाबरायला नको," त्यांनी सबनीसांना फोनवर सांगितलं होतं.

सबनीसांनी बटण दाबून धरलं. लिफ्टमधून एकटं येता-जाता एक वाक्य ते दोन वर्षं घोकत होते. आज ते बोललं नाही तर राहूनच जाणार होतं. उद्यापासून दिवा नाही, आणि दिवा नाही म्हणजे गवती चहाही नाही. ए विंगची बेल वाजवायला माणसाला काहीतरी काम लागतं.

"घाई नाही," शर्मिष्ठा म्हणाल्या. "तो सहाला येणार आहे."

"नाही, होईलच आता."

"निलेश म्हणत होता, आता रिक्षाने फिर."

"बरोबर आहे त्याचं," सबनीस म्हणाले. मग म्हणाले, "ऊन आहे आज."

"आहे."

त्यांनी घाम पुसायला रुमाल शोधला. सापडला नाही. शर्मिष्ठांनी समोरचा कप्पा उघडून कागदी रुमाल काढून दिला. कप्प्यात गाडीची पुस्तिका होती, पारदर्शक कव्हर घातलेली, कडा हाताळून मऊ झालेल्या. सबनीसांना ती बघायची गरज कधी पडली नव्हती.

आकडा लुकलुकायला लागला. सबनीसांचं बोट सवयीने सगळ्यात लहान आकड्यावर थांबलं.

"आज मोठा आकडा ठेवा, सबनीस," शर्मिष्ठा काचेतून समोर बघत म्हणाल्या. "दिवा लागावा म्हणून सारखं खारदांड्याला जाणं त्या घाटकोपरच्या माणसाला झेपायचं नाही. मी कशी गेले माझं मला माहीत, जन्मात मासा तोंडात घातला नसताना." कप्पा बंद करून त्या त्यांच्याकडे वळल्या. "पुरे झाला आता दिवा. आपण लग्न करू या."