आत्याचा लाडका

स्पीकर अजून मुकाच होता. सुविधानं तळहाताएवढ्या कॉम्प्युटरवरचं साउंड कार्ड उपसलं, पुन्हा पिनांवर बसवलं, आणि समोरच्या रत्नूला डोळे मिचकावले. दहा महिन्यांचं पोर खदखदून हसलं.

उपासनाच्या पोटात दुखलं.

“रत्नू, इकडं बघ. आई बघ,” ती दारातून म्हणाली. त्यानं मान वळवली नाही. सुविधानं गाल फुगवले, टिचक्या वाजवत हात नाचवले. तो तिच्याकडे रांगत सुटला.

निपाणीला नोकरी करणारी ही नणंद रविवारी खासबागेतल्या घरी यायची आणि आल्या आल्या पोराला जिंकायची. आठवडाभर अंग तापलं का, वजन वाढलं का, बघायची उपासना. हाका मारून तिचा घसा सुकायचा. तो आपल्याच तंद्रीत.

“आत्याचंच हाय ते,” तांदूळ निवडत सासूबाई म्हणाल्या. “लई शहाणं लेकरू. शेजारी यंत्रमाग धडधडत्यात, तरी बिनघोर झोपतंय. तूच उगं काळजी करतीस.”

“व्हय. आई नुसती दुधापुरती.”

उपासना हसत म्हणाली, पण सुविधानं वर बघितलं. “काय ओ वैनी!”

मग तिनं स्पीकरच्या आवाजाची कळ शेवटपर्यंत फिरवली. तरी चूं नाही. “कार्डच गेलंय वाटतं.”

उपासनानं इलेक्ट्रॉनिक्स घेऊन बीएस्सी केलं होतं. या घरात ते कुणी कधी विचारलं नव्हतं. ती पुढे झाली, पडद्यावर बोट ठेवलं.

“कार्डाला काय झालं नाही. आवाज अजून मॉनिटरच्या वायरीनं चाललाय. तू कार्ड निवडलंच नाहीस.”

सुविधानं जीभ चावली. माउस उपासनानं स्वतःच्या हातात घेतला. आज तरी ती जिंकणार होती. तिनं कार्ड निवडलं.

स्पीकरची कळ कुणाच्याच ध्यानात नव्हती. सुविधानं लावून ठेवलेली सनई अशी किंचाळली की सासूबाईंच्या हातातलं सूप पडलं, तांदूळ घरभर झाला. सुविधानं कान दाबून धरले. गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. पोर भेदरलं असणार म्हणून उपासना त्याच्याकडे धावली.

रत्नू स्पीकरकडे पाठ करून, हातभर अंतरावर बसला होता. कार्डाच्या रिकाम्या खोक्याचं झाकण उघडत होता, लावत होता. भुवईसुद्धा हलली नव्हती.

सुविधानं घाईघाईनं वायर ओढली. घर गप्प झालं.

“रत्नू,” उपासना पाठीमागून म्हणाली. मग ओरडली, “रत्नू!”

झाकण उघडलं. झाकण लागलं.

उपासनानं नणंदेचं मनगट घट्ट धरलं.

“तू हाक मार गं सुविधा. अशीच, मागून. तुझ्याकडं तरी वळू दे त्याला.”