हिमनदीची कड

ब्रिंदीसने मोजणीचं यंत्र टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "साडेसहा."

"काय साडेसहा?" ओद्रूनने कॉफी ओतता ओतता विचारलं. विचारायची गरज नव्हती.

"हिमनदीची कड. तुमच्या दारापासून साडेसहा किलोमीटर. आणि वहीत तुम्ही चार लिहिता."

पुढच्या महिन्यापासून हवामानाच्या नोंदी अंगणातलं यंत्रच घेणार होतं. जुन्या वह्या कपाटबंद करण्याआधी तपासायला खात्याने रेक्याविकहून ही पोरगी पाठवली होती. पाऊस, वारा, तापमान, छत्तीस वर्षांत ओद्रूनचा एक आकडा चुकला नव्हता. गाडी अडली ती एकाच रकान्यात: किती लांबचं दिसतं? त्यासाठी वडिलांनी खिडकीशी यादी ठोकून ठेवली होती. मेंढवाडा तीनशे मीटर, चर्च एक किलोमीटर, हिमनदीची कड चार. धुक्यात कडेपर्यंत दिसलं आणि पलीकडचं काहीच नाही, तर लिहायचं चार.

"यादीच मुळात चुकली असेल," ब्रिंदीस जरा मऊ आवाजात म्हणाली. "तसं असेल तर हा रकाना पहिल्यापासून रद्द करावा लागेल. तुमच्या आधी वडिलांनी लिहिलेली सत्तावीस वर्षंही."

"यादी कशी चुकेल?" कोपऱ्यातून थोरलाकुर बोलला. हा ओद्रूनचा धाकटा भाऊ. रोज बाराच्या कॉफीला हजर, बहिणीला चिडवणं हे त्यासोबतचं बिस्कीट. "पन्नास मीटरची दोरी, ऐंशी वेळा टाकली बाबांनी. दुसरं टोक माझ्या हातात होतं. तेव्हा दुपारचे दोन वाजले की बर्फावरून असा गार वारा उतरायचा! भर जुलैत आई हाका मारमारून स्वेटर घालायला लावायची. दांडीवर वाळत घातलेल्या माशांवर माशी बसायची नाही. आणि हिचं नाक असं लाल व्हायचं, की सगळं गाव हिला पफिन म्हणायचं, तो लाल चोचीचा पक्षी."

"तू कॉफी पी," ओद्रून म्हणाली.

ती खिडकीपाशी गेली. गप्प बसली असती तर ठपका यादीवर गेला असता, म्हणजे बाबांवर. तिचं नाव स्वच्छ राहिलं असतं.

"लिहून घे," ती पाठमोरीच म्हणाली. "अठ्ठ्याण्णव साल, दोन सप्टेंबर. यादी तोपर्यंत चालण्यासारखी होती. त्या दिवशी मी स्वतः जाऊन मोजलं. पाच भरलं."

"आणि लिहिलंत?"

"चार."

थोरलाकुरचा कप तोंडापाशीच थांबला. ब्रिंदीसने कागद पुढे ओढला. त्यावर एक चौकोन होता: चुकीमागचं कारण.

"कारण काय लिहू?"

"बाबा मागच्या खोलीत पडून होते. डोळे गेले होते. बाराची नोंद झाली की रोज विचारायचे, कड कुठे आहे गं? मी म्हणायची, चारवर आहे, बाबा. आता तोंडाने एक सांगायचं आणि वहीत दुसरं लिहायचं, हे काही मला जमेना."

"ते गेल्यावर?"

ओद्रूनने टेबलावर सांडलेले साखरेचे दाणे बोटाने एका जागी गोळा केले. "गेल्यावर आकडा बदलायचा, म्हणजे ते गेले असं वहीत लिहिल्यासारखंच की."

ब्रिंदीसचं पेन चौकोनावर नुसतंच टेकून राहिलं. थोरलाकुरने कप खाली ठेवला. चिडवायचा सूर त्याला सापडेना.

"त्यांना माहीत होतं," तो म्हणाला.

"काय?"

"डोळे गेले होते गं, कातडी नव्हती गेली. पलंग खिडकीशीच होता. एकदा मला म्हणाले, दोनचा वारा हल्ली संध्याकाळी येतो, आणि येतो तोही दमून. बर्फ बराच मागे गेलाय."

"मग मला रोज कशाला विचारायचे?"

"मीही तेच म्हटलं त्यांना." थोरलाकुर टेबलाकडे बघत राहिला. "म्हणाले, चार म्हणताना तिचा आवाज किती खूश होतो, ऐकलंयस कधी?"