हिरवा रकाना

बॉनच्या हवामान कार्यालयात देशोदेशींनी धूर कमी करण्याची दिलेली वचनं कितपत पाळली गेली, ते तपासायचं काम चालू होतं. स्वतःच्या देशाचा अहवाल कोणालाच तपासायला देत नाहीत, म्हणून तिथेच काम करणाऱ्या तेरेतियाच्या एवढ्याशा बेटाचा अहवाल शेजारच्या टेबलावर वीब्केकडे गेला होता. पाहायचे ते फक्त आकडे. वचन पाळलं तर रकाना हिरवा, नाहीतर लाल. सकाळपासून सगळे लालच होत होते.

"अगं तेरेतिया, तुमचा हिरवा!" वीब्के ओरडलीच. "धूर थेट शून्यावर! अख्ख्या यादीत तुम्ही एकटेच. आता केक तुझ्याकडून, सुटका नाही."

ज्याची आनंदाची बातमी, त्यानेच केक आणायचा, असा तिथला रिवाज. दुसऱ्या दिवशी तेरेतियाने नारळाचा केक आणला आणि सगळ्यांना सारखे तुकडे कापून दिले.

"आता गुपित सांग," तोंडात घास असतानाच वीब्के म्हणाली. "भल्याभल्यांना जमलं नाही, ते तुम्हाला कसं गं जमलं?"

तेरेतियाने सुरी पुसून ठेवली.



"समुद्र घरात आला. मार्चमध्ये शेवटची माणसं बेट सोडून गेली. निघताना माझ्या आईने जनरेटर बंद केला."