तिसरा संच

“खिडकी उघडली,” रुग्णालयातले टेलिफोनवाले काका फोनवर म्हणाले, “पण आत काहीच नाही.”

प्रोग्रामरने आपल्या स्क्रीनवर पाहिलं. नाव लिहायची चौकट, शोधायचं निळं बटण, खाली वॉर्ड आणि खाटेचा क्रमांक. सगळं जागच्या जागी होतं.

“मधोमध निळं बटण असेल, काका. नीट बघा.”

“नाही हो ताई. कोरी पाटी.”

नोकरी सोडल्यावर तिला एकटीला मिळालेलं हे पहिलं मोठं काम. आमचा माणूस कुठल्या वॉर्डात आहे, असं रुग्णालयात फोन करून कुणी विचारलं, की काकांना चटकन सांगता यावं. काका ‘चाललं’ म्हणाले तरच काम मंजूर. आतला सगळा हिशेब तिने आपल्या आवडत्या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहून हातावेगळा केला होता. राहिला होता चेहरा. खिडक्या-बटणांचे तयार संच त्या भाषेसाठी तीन होते आणि त्यातला सगळ्यात देखणा तिने निवडला होता.

“त्यांचा कॉम्प्युटरच जुना असेल,” ती कुरकुरली.

सासूबाई शिलाई मशीनवर होत्या. त्यांनी पाय थांबवला नाही.

“असेल. पण पुतळ्याला शोभलेला झगा गिऱ्हाइकाच्या अंगाला बसतोच असं नाही. घालणारा काय म्हणतो ते ऐक.”

तिने दुसरा संच घेतला. तीन दिवस गेले.

“आता बटणं आली,” काका म्हणाले. “पाच आहेत. पण पाचही जणांचं नाव ‘बटण’. तुम्ही नावं ठेवली नाहीत, म्हणून मला ठेवावी लागतायत.”

तिला हसू आवरेना. समोर तर प्रत्येक बटणावर ठळक अक्षरं होती.

“माउसने एकेकावर जाऊन बघता का?”

“माउसचं आणि माझं जमत नाही. कीबोर्डच बरा.”

उरला तिसरा. राखाडी, रुक्ष. त्याला स्वतःचा काही साजच नव्हता, कॉम्प्युटरची मूळची बटणं तो जशीच्या तशी मांडायचा. जुन्या ऑफिसातले सोबती त्याला ‘सरकारी फॉर्म’ म्हणायचे. नाक मुरडतच तिने खिडकी पुन्हा रचली आणि फोन लावला.

पलीकडे बराच वेळ नुसती कीबोर्डची टकटक.

“नाव. शोधा. वॉर्ड सात, खाट अकरा,” काका सावकाश म्हणाले. मग त्यांचा आवाज खुलला. “चाललं, ताई. चाललं कसलं, पळालं.”

“दिसायला जरा साधंच आहे, काका.”

“असू दे. मला तर फार आवडलं.”

त्या दिवशी ती दुपारी चक्क झोपली. सासूबाईंनी मशीन बंद ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मंजुरीचा कागद घ्यायला ती रुग्णालयात गेली. चौकशीची खोली जिन्याजवळ होती. काकांचा आवाज दारातच ऐकू आला. ते कुणाच्या तरी आईला सांगत होते, “मुलगा वॉर्ड तीनमध्ये आहे, खाट सहा. खिडकीजवळची आहे, काळजी करू नका.” उत्तर द्यायला त्यांना क्षणही लागला नव्हता. तिला बरं वाटलं.

ती राखाडी खिडकी इथे कशी दिसते ते बघावं, म्हणून ती टेबलाला वळसा घालून काकांच्या मागे गेली.

टेबलावर टेलिफोन होता, कीबोर्ड होता, काकांच्या दुसऱ्या कानाला हेडफोन होता आणि त्यातून बटणांची नावं वाचून दाखवणारा कॉम्प्युटरचा बारीक आवाज येत होता. स्क्रीन नव्हताच, आणि खुर्चीला एक पांढरी काठी टेकवून ठेवलेली होती.